लोपेझ घराण्याची नभोवाणी

फिलिपाइन्स बेटांतील टागालोग भाषेत 'कापामिल्या' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ 'घरचा माणूस', 'कुटुंबापैकी एक'. त्यातील 'का' हा उपसर्ग त्या मातीतला. 'पामिल्या' हा मात्र तीनशेहून अधिक वर्षे त्या बेटांवर राज्य करून गेलेल्या स्पॅनिश लोकांचा. मॅनिला शहराजवळील एक नभोवाणी व दूरचित्रवाणी कंपनी आपल्या श्रोत्यांना व प्रेक्षकांना बऱ्याच वर्षांपासून ह्याच शब्दाने हाक मारीत आली आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकास 'मायबाप' म्हणावे त्यातलाच हा प्रकार, असे कोणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे आहे असे नाही. परंतु ५ मे २०२० रोजी रात्री आठाच्या सुमारास सरकारी हुकुमावरून ह्या कंपनीचा पडदा काळा झाला, तेव्हा साथीच्या रोगामुळे सारा देश घरात कोंडलेला होता. ज्यांच्या गावी दुसरे केंद्र पोचत नव्हते त्यांस बाहेरच्या जगाची वार्ता सांगणारे माणूस त्या रात्रीपासून उरले नाही.

कंपनीचे नाव ए.बी.एस.-सी.बी.एन. तिला ह्या रीतीने टाळे लागण्याची ती दुसरी खेप होती. पहिली खेप १९७२ सालची. एकाच घराण्याचा एकच धंदा दोनदा सरकारच्या इच्छेने बंद पडावा, आणि दोन्ही वेळा त्या घराण्याने तो सोडून न देता धरून राहावे, ही हकीकत वाचकांस सांगण्याजोगी वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

फिलिपाइन्सच्या मध्यभागी पानाय नावाचे बेट आहे. त्याच्या काठी इलोइलो हे बंदर व त्याला लागून हारो ही जुन्या श्रीमंतांची वस्ती. लोपेझ घराणे मूळचे ह्या हारोचे. (हे आडनाव ऐकून आमच्या गोव्याकडील वाचकांना शेजारच्या लोपिशांची आठवण होईल. राज्यकर्त्यांनी दिलेली नावे राज्य गेल्यावरही घरात राहतात, एवढाच तो संबंध. तिकडे स्पॅनिश, इकडे पोर्तुगीज.) ह्या घराण्याची लक्ष्मी साखरेची. समोरच्या नेग्रोस बेटावर उसाचे मळे, इलोइलोच्या धक्क्यावरून परदेशी जाणारी साखर, आणि त्या साखरेच्या बळावर उठलेली मोठमोठी घरे, असा तो काळ होता. परंतु बेनितो लोपेझ ह्या गृहस्थांना साखरेपेक्षा शाईचा नाद अधिक. त्यांनी इलोइलोत 'एल तिएम्पो' नावाचे वर्तमानपत्र काढले व पुढे ते त्या प्रांताचे गव्हर्नर झाले. गव्हर्नर असतानाच त्यांच्यावर कोणीएकाने गोळ्या झाडल्या, आणि १९०८ च्या आरंभी त्यांचा अंत झाला. त्या वेळी थोरला मुलगा एउजेनियो सहा वर्षांचा व धाकटा फेर्नांदो चार वर्षांचाही नव्हता.

बाप राजकारणात मारला गेला म्हणजे मुलांना राजकारणापासून दूर ठेवावे, असे आपल्याकडील आईआजींना वाटते. तिकडेही वाटले असेलच. तथापि ही दोन्ही मुले वाढली ती बापाचे अपुरे राहिलेले काम डोळ्यांसमोर ठेवून. एउजेनियो मॅनिलास कायदा शिकला, पुढील अभ्यासास अमेरिकेत हार्वर्ड येथे गेला, आणि परत येऊन भावाच्या मदतीने त्याने बापाचे वर्तमानपत्र पुनः उभे केले. त्या पत्राने इलोइलोतील जुगाराच्या अड्ड्यांवर अशी झोड उठविली की, त्या प्रकरणात खुद्द प्रांताच्या गव्हर्नरास अधिकारपद गमवावे लागले. छापील कागदाची शक्ती किती असते ह्याचा धडा दोघा भावांनी तेव्हा घेतला. आणि ही शक्ती आपल्या हाती असली म्हणजे आपल्या इतर धंद्यांसही ती उपयोगी पडते, हाही धडा त्याबरोबरच घेतला, असे म्हणणे भाग आहे. लवकरच बोटी, मोटारगाड्या, आणि १९३२-३३ च्या सुमारास बेटांमध्ये उडणारी विमाने असा त्यांचा व्याप वाढत गेला. युद्ध संपले, १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि १९४७ मध्ये एउजेनियोने राजधानीतले 'मॅनिला क्रॉनिकल' हे दैनिक विकत घेतले. दोनच वर्षांनी फेर्नांदो देशाचा उपाध्यक्ष झाला. थोरल्याने पैसा व पत्र सांभाळावे, धाकट्याने सभा व मते सांभाळावी, अशी ही वाटणी होती. आणि भावाभावांत ती शेवटपर्यंत मोडली नाही.

आता नभोवाणीकडे वळू. ह्या कंपनीच्या नावातील पहिली तीन अक्षरे लोपेझांची नव्हेत. जेम्स लिंडेनबर्ग नावाच्या एका अमेरिकन इंजिनियराने १९४६ मध्ये बोलिनाओ इलेक्ट्रॉनिक्स नावाची कंपनी काढली. रेडिओची यंत्रे जुळवून विकावी असा त्याचा मूळ बेत. पण परदेशी मालावर निर्बंध आले आणि यंत्रांऐवजी त्याला ध्वनिक्षेपणाच्या धंद्यात पडावे लागले. दूरचित्रवाणी केंद्र काढण्याची हौस त्याला होती, परवानाही होता. भांडवल मात्र नव्हते. नेमके उलट दैव आंतोनियो कीरिनो ह्या गृहस्थांचे. हे अध्यक्ष एल्पिदियो कीरिनो ह्यांचे सख्खे भाऊ. ह्यांच्यापाशी भांडवलाची सोय होती, पण परवाना नव्हता.

येथे त्या देशातील एक नियम सांगितल्यावाचून पुढील गोष्ट कळणार नाही. आपल्याकडे मुंबईची खाजगी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी १९२७ मध्ये निघाली व १९३० मध्ये बुडाली. तेव्हापासून नभोवाणी सरकारची झाली, आणि दूरचित्रवाणीही १९९० नंतरच्या दशकापर्यंत सरकारचीच राहिली. फिलिपाइन्सने अमेरिकेचा कित्ता गिरविला व हा धंदा खाजगी लोकांकडे सोपविला. परंतु १९३१ च्या कायद्याने एक मेख मारून ठेवली. ती अशी की, ध्वनिक्षेपण करू इच्छिणाऱ्याने प्रथम विधिमंडळाकडून ठराविक मुदतीची सनद मिळविली पाहिजे. हवेतील लहरी सर्व प्रजेच्या, म्हणून त्या वापरावयाच्या तर प्रजेच्या प्रतिनिधींची संमती हवी, हे तत्त्व ऐकावयास फार सुंदर आहे. पण सनद देणारा हात तीच सनद रोखूनही धरू शकतो. आंतोनियो कीरिनो ह्यांनी सनद मागितली, तेव्हा अध्यक्षांचा भाऊ निवडणुकीत ह्या यंत्राचा उपयोग करील ह्या धास्तीने विधिमंडळाने ती दिली नाही. त्यांनी मग लिंडेनबर्गची कंपनीच सनदेसकट पदरात पाडून घेतली व तिचे नाव आल्टो ब्रॉडकास्टिंग सिस्टिम असे ठेवले. हीच ती ए.बी.एस.

२३ ऑक्टोबर १९५३ रोजी ह्या केंद्राचे पहिले चित्रप्रक्षेपण झाले. कार्यक्रम कसला, तर कीरिनोंच्या बंगल्याच्या बागेत भरलेला मेजवानीचा समारंभ! ज्यांच्या घरी दूरचित्रवाणीचा पेटारा होता असे भाग्यवान थोडेच. बाकीच्यांनी दुकानांच्या काचांपुढे गर्दी केली. निवडणूक अवघ्या अडीच आठवड्यांवर आली होती. तरीही अध्यक्ष कीरिनो दणकून हरले, आणि रामोन मॅगसेसे प्रचंड बहुमताने निवडून आले. ज्यांच्या नावाचे पारितोषिक १९५८ मध्ये पहिल्याच वर्षी आमच्या विनोबांना मिळाले, ते हेच मॅगसेसे. कीरिनोंच्या हाती आशियातील अगदी नवे असे यंत्र होते. मॅगसेसे खेड्यापाड्यांतून लोकांचे हात हातात घेत हिंडत होते.

लोपेझ बंधूंनी २४ सप्टेंबर १९५६ रोजी आपली स्वतंत्र नभोवाणी कंपनी काढली. दैनिकाच्या नावावरून तिला क्रॉनिकल ब्रॉडकास्टिंग नेटवर्क, म्हणजे सी.बी.एन., असे म्हटले गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी कीरिनोंची ए.बी.एस. विकत घेतली. हा सौदा सकाळच्या न्याहारीला बसून झाला व त्याचा मसुदा हात पुसावयाच्या कागदी रुमालावर लिहिला गेला, अशी कथा सांगतात. खरे असो वा नसो, व्यवहार एउजेनियोंच्या स्वभावास साजेसा होता. कंपनीचा कारभार त्यांनी आपला मुलगा धाकटा एउजेनियो ह्याच्या हाती दिला. घरात व बाहेरही त्याला 'जेनी' म्हणत. तेव्हा तो तीस वर्षांचाही नव्हता.

साखर, बोटी आणि वर्तमानपत्र ह्यांत मुरलेल्या घराने ह्या नव्या धंद्यात का पडावे? फिलिपाइन्स म्हणजे सात हजारांहून अधिक बेटांचा देश. वर्तमानपत्र बोटीतून जावयाचे तर पोचेपर्यंत शिळे; आणि पोचले तरी ते इंग्रजीत. रेडिओला बोट लागत नाही, आणि वाचता न येणाऱ्यासही त्याचा लाभ होतो. श्रोत्याकडून एक दमडी घ्यावयाची नाही. साबणवाल्याने, दातांच्या चूर्णवाल्याने, दुधाच्या डब्यावाल्याने पैसे भरावे आणि त्या पैशांत गाणी, नाटके, बातम्या चालाव्या, असा हा हिशेब. जितकी बेटे अधिक जोडली जातील तितका साबणवाला अधिक देणार. म्हणून जेनीने मॅनिलात दोन चित्रकेंद्रे केली आणि निरनिराळ्या बेटांवर नभोवाणीची केंद्रे उभारली. १९६७ मध्ये दोन्ही कंपन्या रीतसर एक होऊन नावापुढे नाव जोडले गेले. १९६८ च्या डिसेंबरात केसॉन सिटी ह्या उपनगरात बोहोल अॅव्हेन्यूवर विस्तीर्ण आवारात नवे प्रक्षेपणभवन उघडले. ह्या इमारतीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सारे नाट्य तिच्याच भोवती घडले.

येथवरची कथा भरभराटीची आहे. परंतु भरभराट कोणत्या प्रकारची होती हेही सांगितले पाहिजे. १९६२ मध्ये लोपेझांनी मॅनिलास वीज पुरविणारी मेराल्को ही प्रचंड कंपनी अमेरिकन मालकांकडून घेतली. म्हणजे राजधानीतला दिवा त्यांचा, सकाळचे पत्र त्यांचे, रात्रीचे चित्र त्यांचे, आणि १९६५ पासून देशाचा उपाध्यक्षही पुनः त्यांचाच. एका घराण्याच्या हाती इतके असणे निरोगी नव्हे, असे त्या काळीही पुष्कळांना वाटे, आणि त्यांचे म्हणणे केवळ मत्सराचे नव्हते. १९६५ च्या त्या निवडणुकीत फेर्नांदो लोपेझ ज्या उमेदवाराच्या जोडीने उभे राहिले तो म्हणजे फेर्दिनांद मार्कोस. उपाध्यक्षपदासाठी उभे राहण्यास फेर्नांदोंचा नकार होता. तेव्हा इमेल्डाबाई मार्कोस स्वतः त्यांच्याकडे गेल्या व डोळ्यांत पाणी आणून त्यांनी त्यांचे मन वळविले, अशी गोष्ट तिकडे प्रसिद्ध आहे. लोपेझांचा पैसा, लोपेझांचे दैनिक, लोपेझांची नभोवाणी, ही सर्व सामग्री मार्कोसच्या पाठीशी उभी राहिली. म्हणजे ज्या माणसाने पुढे घर लुटले, त्याच्या हाती किल्ली ह्याच घराने दिली होती. घराण्याचे स्तुतिपाठक हा भाग भरभर ओलांडतात. तो ओलांडू नये असे आम्हांस वाटते.

१९७१ च्या जानेवारीत उभय पक्षांचे बिनसले. फेर्नांदोंनी मंत्रिमंडळ सोडले. 'क्रॉनिकल' आणि नभोवाणी मार्कोसवर तुटून पडली. मार्कोसही लोपेझांस 'मूठभर धनिकांची सत्ता' म्हणून शिव्या देऊ लागला. दीड वर्षाने त्याने लेखणीस तलवारीने उत्तर दिले. २२ सप्टेंबर १९७२ च्या रात्रीनंतर मॅनिलातील लोकांनी सकाळी रेडिओची खुंटी फिरविली तो सर्वत्र खरखर. संध्याकाळी मार्कोस स्वतः पडद्यावर आला आणि देशात लष्करी कायदा पुकारल्याचे त्याने सांगितले. बोहोल अॅव्हेन्यूवरील भवनात सैनिक बसले होते. ह्यानंतर नवव्याच दिवशी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आमच्या मुंबईत दूरचित्रवाणीचे केंद्र सुरू झाले. इकडे वरळीच्या मनोऱ्याकडे लोक कौतुकाने पाहात होते, तिकडे तयार भवन आपल्या मालकांना पारखे झाले होते.

नोव्हेंबरात जेनी लोपेझला अटक झाली. मार्कोसच्या खुनाचा कट केला असा त्याच्यावर आरोप. खटला नाही, निकाल नाही. महिन्यांमागून महिने फोर्ट बोनिफासियोच्या लष्करी बंदिशाळेत गेले. बाप अमेरिकेत होता. त्याला परत येता येईना. मुलगा ओलीस आणि बाप सौद्यास बसलेला, असा हा व्यवहार सुरू झाला. मुलगा सुटेल ह्या आशेने वृद्ध एउजेनियोंनी मेराल्कोवरील आपला हक्क मार्कोसच्या माणसांनी उभारलेल्या एका संस्थेस लिहून दिला. हाती रोख पडले ते दहा हजार पेसो! मुलगा सुटला नाही. प्रक्षेपणभवन मार्कोसचा जुना सहाध्यायी रोबेर्तो बेनेदिक्तो ह्याच्या कंपनीने वापरावयास घेतले. लोपेझांच्या दोन वाहिन्यांपैकी एक त्याच्याकडे व दुसरी सरकारकडे गेली. १९७४ च्या नोव्हेंबरात जेनी आणि त्याचा कोठडीतील सोबती सेर्जियो ओस्मेन्या ह्यांनी उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी सुटकेचे आश्वासन मिळाले म्हणून ते सोडले, आणि आश्वासन जागच्या जागी राहिले. ६ जुलै १९७५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे थोरले एउजेनियो मरण पावले. मुलगा तेव्हा कोठडीतच होता. तीन वर्षांत कारखाना, पत्र, वीज, नभोवाणी आणि मुलगा ही सर्व दृष्टीआड झालेल्या त्या म्हाताऱ्याला शेवटी काय वाटले असेल! सगळे देऊन टाकल्यावरही जे मागितले ते मिळाले नाही, ही बोच कोणत्याही बापास कळेल.

आता आश्वासनांची वाट पाहण्यात अर्थ नाही हे ओळखून जेनी व ओस्मेन्या ह्यांनी खिडकीच्या गजांना हात घातला. १९७७ च्या सप्टेंबरअखेरच्या रात्री ते बंदिशाळेतून निसटले. बाहेर मोटार सज्ज होती. तीतून दूरच्या एका धावपट्टीवर, तेथून लहानशा विमानाने हाँगकाँगला, आणि पुढे अमेरिकेला, असा हा प्रवास. शिवाजीमहाराजांच्या आग्ऱ्याच्या सुटकेवर वाढलेल्या आमच्या वाचकांस ह्यात नवे असे काय, असे वाटेल. पण पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून बाहेर पडण्यास लागणारा धीर प्रत्येक शतकात नव्यानेच कमवावा लागतो. १९९५ मध्ये ह्या सुटकेवर 'एस्कापो' नावाचा चित्रपटही निघाला.

लोपेझ कुटुंबाची पुढील आठनऊ वर्षे परदेशात गेली. १९८३ मध्ये बेनिग्नो आकिनो ह्यांचा मॅनिलाच्या विमानतळावर खून झाला, १९८६ च्या फेब्रुवारीत निवडणुकीतील लबाडीवरून लोक रस्त्यावर आले, हे वाचकांस आठवत असेल. त्या चार दिवसांतील एक प्रसंग मात्र येथे सांगितलाच पाहिजे. २४ फेब्रुवारीच्या सकाळी मार्कोस सरकारी वाहिनीवर पत्रकारांशी बोलत होता. आपण देश सोडलेला नाही असे लोकांना पटवीत होता. बोलता बोलताच चित्र नाहीसे झाले. बंडखोर सैनिकांनी ते केंद्र काबीज केले होते. ते केंद्र कोठे? बोहोल अॅव्हेन्यूवर, लोपेझांनी बांधलेल्या त्याच आवारात. ज्या भवनात १९७२ मध्ये सैनिक शिरले होते, तेथेच चौदा वर्षांनी दुसरे सैनिक शिरले आणि मार्कोसचा आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी तो देश सोडून गेला.

नव्या सरकारने लोपेझांस त्यांची दोन क्रमांकाची वाहिनी परत दिली, आणि १४ सप्टेंबर १९८६ रोजी तिचे प्रक्षेपण पुनः सुरू झाले. पण परत मिळाले ते काय? यंत्रे जीर्ण, कपाटे रिकामी, आणि घर निम्मे; कारण त्याच इमारतीत सरकारी वाहिनीचेही बिऱ्हाड होते. आपल्याच वाड्यात एका बाजूस भाडेकऱ्यासारखे राहावे, अशी ती अवस्था. बाकीच्या मालमत्तेविषयी सरकार आणि कुटुंब ह्यांत लवाद नेमण्याचा करार झाला. आणि हे परत देणे कायद्यास धरून होते काय, हा प्रश्न विरोधकांनी पुढे कित्येक वर्षे जिवंत ठेवला.

जेनी लोपेझ आता साठीकडे झुकला होता. त्याने दोन गोष्टी केल्या. प्रतिस्पर्धी कंपनीतून फ्रेडी गार्सिया ह्या कुशल व्यवस्थापकास आणून त्याच्या हाती कारभार दिला, आणि घरच्या माणसांनी त्याच्या कामात लुडबूड करू नये असे ठेवले. घरच्या धंद्यात हे किती कठीण असते ते ज्याला त्याला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट भाषेची. २ मार्च १९८७ रोजी 'टीव्ही पॅट्रोल' हा बातम्यांचा कार्यक्रम सुरू झाला. मॅनिलातील प्रतिष्ठित बातम्या तोवर बहुधा इंग्रजीत सांगितल्या जात. गळ्यात टाय बांधलेला गृहस्थ परराष्ट्रमंत्र्यांचे भाषण वाचून दाखवी. 'टीव्ही पॅट्रोल' टागालोगात बोलू लागला, आणि त्यात आग, चोरी, फुटलेला नळ, हरवलेले मूल ह्यांना पहिली जागा मिळू लागली. नोली दे कास्त्रो ह्यांचा घोगरा, ठसक्याचा आवाज घरोघर पोचला. इतका पोचला की, २००४ मध्ये लोकांनी त्यांना देशाचे उपाध्यक्ष केले! सुशिक्षितांनी ह्या बातम्यांना नाके मुरडली. खून-मारामाऱ्यांचा त्यांत सुकाळ असे, आणि आम्हांलाही तो आवडला नसता. पण मातृभाषेत बातमी ऐकण्याचा गरिबाचा हक्क त्या कार्यक्रमाने मान्य केला, हे कसे नाकारावे? दोनतीन वर्षांतच बुडीत वाहिनी देशात पहिल्या क्रमांकावर गेली.

१९९४ मध्ये ह्या कंपनीने अमेरिकेतील फिलिपिनो लोकांसाठी उपग्रहावरून 'द फिलिपिनो चॅनल' सुरू केला. त्या देशाची लक्षावधी माणसे पोटासाठी परदेशी असतात. रुग्णालयांत परिचारिका, आखातात मजूर, जहाजांवर खलाशी. आमच्या रत्नागिरी-रायगडकडील दर्यावर्दी ह्या फिलिपिनो खलाशांच्या शेजारी उभे राहून काम करतात. घरापासून वर्ष वर्ष दूर राहणे म्हणजे काय ते दोघांनाही सारखेच माहीत. त्यांना घरची भाषा, घरची गाणी व आई पाहते तीच मालिका आठ हजार मैलांवर दिसू लागली. महिन्याची वर्गणी भरून ती पाहणारे हे लोक कंपनीचे भक्कम गिऱ्हाईक ठरले. साबणवाल्यावर अवलंबून नसलेला असा हा पहिलाच पैसा होता, आणि पुढे प्राण कंठाशी आले तेव्हा तोच कामास आला. २००० मध्ये सुरू झालेली 'पांगाको सा यो' ही मालिका तर परक्या देशांतील, परक्या भाषांतील लोकांनीही पाहिली. जेनी लोपेझ १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात वारला व त्याचा मुलगा गॅबी गादीवर आला.

ह्या वैभवाला एक काळा डाग आहे. ४ फेब्रुवारी २००६ रोजी कंपनीच्या बक्षिसे वाटणाऱ्या एका लोकप्रिय खेळाचा पहिला वाढदिवस मोठ्या क्रीडागृहात साजरा व्हावयाचा होता. बक्षिसाच्या आशेने हजारो गरीब लोक आदल्या दिवसांपासून दाराशी येऊन बसले, आणि दारापाशी चेंगराचेंगरी होऊन सत्तरांहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांत बायकाच फार. गरिबीचा खेळ करून दाखविणाऱ्या कार्यक्रमांविषयी ह्याहून कडक टीका कोणा टीकाकारास करता आली नसती.

आता पुनः सनदेकडे. १९९५ च्या कायद्याने कंपनीस पंचवीस वर्षांची सनद मिळाली होती. ती मे २०२० मध्ये संपावयाची. २०१६ च्या निवडणुकीत रोद्रिगो दुतेर्ते अध्यक्ष झाले. आपण पैसे भरूनही आपल्या प्रचाराच्या काही जाहिराती ह्या कंपनीने दाखविल्या नाहीत, असा त्यांचा राग. सनद वाढू देणार नाही, असे ते उघड सभांतून सांगू लागले. कंपनीने २०२० च्या फेब्रुवारीत माफी मागितली. ती स्वीकारल्याचेही अध्यक्षांनी सांगितले. तरी सनदेचे विधेयक हलले नाही. ४ मे रोजी मुदत सरली व ५ मे रोजी प्रक्षेपण थांबविण्याचा हुकूम आला. ह्या वेळी सैनिक आले नाहीत. एक कागद आला. १० जुलै रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी सनद नाकारली. आक्षेप अनेक होते: मालकाचे दुहेरी नागरिकत्व, परदेशी भांडवल, कर, कंत्राटी कामगार, आणि १९८६ चा तो जुना प्रश्नही. कर-खात्याच्या अधिकाऱ्यांनी कंपनीकडे बाकी नाही अशी साक्ष दिली होती. कामगारांविषयीचा आक्षेप मात्र अगदी पोकळ होता असे म्हणवत नाही. परंतु कामगारांच्या कळवळ्याने जी कंपनी बंद केली, तिच्या सुमारे अकरा हजार नोकरांवरच कुऱ्हाड कोसळली. ऑगस्टअखेर प्रांतोप्रांतीची वृत्तकेंद्रे मिटली. हजारोंना घरी जावे लागले. नोव्हेंबराच्या पहिल्याच दिवशी प्रचंड चक्रीवादळ आले, तेव्हा ज्या दूरच्या बेटांवर ह्याच कंपनीचा आवाज पोचत असे तेथे इशारा देणारी ती नभोवाणी नव्हती.

मार्कोसच्या वेळी भवन गेले, पण लहरी दुसऱ्याने वापरल्या. ह्या वेळी लहरी गेल्या आणि भवन राहिले. घराण्याने हा फरक ओळखला. आपल्याजवळ प्रक्षेपक नसला तरी नट, लेखक, गायक आणि तंत्रज्ञ आहेत. तर मग कार्यक्रम करावे व ते दुसऱ्यांच्या घरी नेऊन द्यावे, असा मार्ग निघाला. २०२० च्या जूनमध्ये तारेवरून व उपग्रहावरून 'कापामिल्या' वाहिनी सुरू झाली. ऑक्टोबरात एका धार्मिक संस्थेच्या केंद्रावर जागा मिळाली. २०२१ मध्ये आणखी एका वाहिनीवर. आणि २०२३ मध्ये तर ज्या कंपनीशी पन्नास वर्षे हाडवैर, तिच्याही वाहिनीवर दुपारचा करमणुकीचा कार्यक्रम लागला. उत्पन्न मात्र पूर्वीसारखे राहिले नाही. बोहोल अॅव्हेन्यूवरील आवाराचा मोठा भाग एका बांधकाम कंपनीस विकण्याचा करार २०२५ मध्ये झाला.

दोन क्रमांकाची लहर सरकारने २०२२ मध्ये देशातील एका अतिश्रीमंत गृहस्थाच्या कंपनीस दिली. त्यांनी नवी वाहिनी थाटली, नवे चेहरे आणले. पण प्रेक्षक जमेना. शेवटी त्यांनी लोपेझांशी बोलणे केले. २०२४ पासून संध्याकाळी दोन क्रमांकावर 'टीव्ही पॅट्रोल' पुनः लागू लागला. मालक दुसरे होते, सनद दुसऱ्याची होती. खुंटी मात्र लोकांनी जुन्याच ठिकाणी फिरविली.